मधोमध गेलेला काठ

अक्का,

तू गेल्यापासून माझं बोलणं मधेच कुणी तोडत नाही. काल मारुतीच्या पारावर बसलो होतो. ताण्याला ज्वारीची खळ बरी की तांदळाची, असा विषय निघाला आणि मी चांगला घटकाभर बोललो. सगळे माना डोलावत राहिले. शेवटी मलाच कंटाळा आला. "बापू, तुझं चुकून राहिलंय," असं म्हणणारं कुणी नसलं की आपलं बरोबर आहे की नाही तेच माणसाला समजत नाही. मी धोतर झटकलं आणि घरी आलो.

तेरावं झालं. भेटायला येणारे येऊन गेले. जो तो म्हणे, कोंडाबाई म्हणजे गरीब गाय, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी ऐकून घेतलं. दुखवट्याला आलेल्या माणसाशी वाद घालू नये एवढं मला कळतं. पण तुझ्यामाझ्यात म्हणून सांगतो, गरीब गाय तू कधीच नव्हतीस. जवळा बाजारच्या कोष्टी आळीत एकही घर नसेल जिथं तू नाक खुपसलं नाहीस आणि एकही चूल नसेल जिथं तुला चहा मिळाला नाही. उगाच देवमाणूस करून तुला फोटोत बसवायला लागले तर मला राग येतो. फोटो तर तुझा कुणी काढलाच नाही.

म्हणून लिहायला बसलो. शाळेत मला उर्दू शिकवली आणि मराठी अक्षरं मी मोठेपणी भजनी मंडळींकडून गिरवली, तेव्हा चुका असणार. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्या तरी तुला काढता येणार नाहीत. एवढी एक सोय झाली.

तू सासरहून कायमची परत आलीस तो दिवस मला आठवतो. दाजींनी दुसरं लग्न केलं ही बातमी तुझ्याआधी येऊन पोचली होती. आबा ओट्यावर बसले होते. आळीतल्या बाया डोळ्याला पदर लावून तयार होत्या, आता ही वेशीतच हंबरडा फोडणार म्हणून. तू आलीस ती ओटीत ओला हरभरा घेऊन. कुणाच्या शेतातून उपटला होतास देव जाणे. आबांच्या शेजारी बसलीस, घाटे सोलायला लागलीस आणि म्हणालीस, "आबा, मी परत आले. दोन टायमाला खायला लागंल, सांगाल ते काम करीन. रडायचं वाटंत उरकून घेतलं." बायांचा अगदी हिरमोड झाला. आबा मात्र हसले आणि त्यांनी हरभऱ्यासाठी हात पुढे केला.

तुझ्या सासरच्यांनी माग मोडून किराणा दुकान घातलं होतं. त्यामुळे कितीतरी वर्षं तुझा सुताला हात लागला नव्हता. त्याचा परिणाम मला भोगावा लागला, हे मी तुला शेवटपर्यंत ऐकवत आलो आणि आताही ऐकवणार आहे.

तुला सांधणी काय सांगायची! पण हे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यालाही कळावं म्हणून लिहितो. मागावरचं कापड संपलं तरी जुना ताणा, म्हणजे उभं सूत, आपण सगळा काढून टाकत नाही. फणीतून आलेली त्याची टोकं राहू देतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा राखेची चिमूट लावून त्या जुन्या टोकाला पिळतो. एक बाई डाव्या कडेपासून, दुसरी उजव्या कडेपासून धरते आणि दोघी मधोमध येऊन भेटतात. नवा ताणाही दोन जुड्यांत बांधलेला असतो, एक डावी, एक उजवी. काठाचं रंगीत सूत प्रत्येक जुडीच्या बाहेरच्या कडेला असतं.

आबा गेल्यावर तू सांधायला बसलीस, त्या दिवशी डावीकडे तू होतीस, उजवीकडे शेवंताची आई, म्हणजे माझी बायको, तुझी रुकमा. काळ्या अंगाचं आणि तांबड्या काठाचं लुगडं लावायचं होतं. तू तिला तुझ्या सासूची गोष्ट सांगत होतीस, ती मांजराला भिऊन ज्वारीच्या कणगीत उतरली आणि मग वर येता येईना, ती. तुमचं हसणं मला पार विहिरीवर ऐकू येत होतं. त्या हसण्यात जुड्यांची अदलाबदल झाली. तिची तुझ्याकडे आणि तुझी तिच्याकडे. आधी मागावर पटक्याचं पांढरं कापड होतं, म्हणून जुन्या टोकांवरूनही उमगलं नाही. मी जेवून आलो तेव्हा तुम्ही दोघी मध्यावर पोचला होतात आणि दोघींच्या चिमटीत तांबडं सूत होतं.

कडेला असायचे ते दोन्ही काठ मधोमध येऊन एकमेकांना चिकटले होते. बाहेरच्या दोन्ही कडा काळ्या, उघड्याबोडक्या. शिकाऊ पोराकडून होते ती चूक, आणि ती आबांच्या मागावर!

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवंताची आई रडकुंडीला आली. तू उठलीस, चार पावलं मागे गेलीस, मान वाकडी केलीस.

"बापू, बघ तरी. बरं दिसून राहिलंय."

"बरं? समदं उसवा आधी."

"उसवलं तर निम्मं सूत तुटंल. इणून तर बघू."

"माझ्या हातानं असलं कापड इणलं जायचं न्हाई."

"मग सरक. मी बसते."

आपल्या आळीत बाया धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरतात, ताणा करतात, खळ लावतात, सांधतात. मागावर पुरुष बसतो. तू मागाच्या खड्ड्यात पाय सोडलेस आणि धोटा फेकलास तो थेट शेवंताच्या आईच्या मांडीवर. दुसरा जमिनीवर. तिसरा मात्र पार गेला. संध्याकाळपर्यंत वीतभर कापड झालं होतं आणि तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आबा वारल्यापासून आपल्या घरात पाहिलं नव्हतं. मी फणी एकदाच ठोकतो. तू दोनदा ठोकायचीस, एक जोरात, एक हळू. त्या हळूचा काही उपयोग नसतो असं मी तुला अनेकदा समजावून सांगितलं.

बाजाराच्या दिवशी मी ते लुगडं थप्पीच्या तळाशी घातलं. मी तंबाखू घेऊन येईपर्यंत तू ते वर काढून पसरलं होतंस. बाया जमल्या, हसायला लागल्या. "कोष्टीबुवाला झोप लागली व्हती व्हय?" मी मान खाली घातली. तू म्हणालीस, "त्यो जागाच व्हता. झोप मला लागली व्हती." बाया आणखी हसल्या.

मग कांदेवाली राधाबाई आली. तिनं ते लुगडं उचललं, स्वतःच्या अंगाला लावून पाहिलं आणि भर बाजारात भाषणच दिलं. "काठ खाली असला की चिखलात लोळतो. दोन पावसात चिंधी. ह्यो वर आलाय, मळायचा न्हाई. आन कांद्याच्या ढिगामागं बसले तरी दिसंल. येवढा पैका टाकून काठ घ्यायचा आन त्यो धुळीला दावायचा, काहून?" तिनं पैसे मोजून दिले आणि लुगडं काखेत मारलं.

पुढच्या बाजाराला ती ते नेसून आली. राधाबाईचं अंग म्हणजे सरकारी काम, ऐसपैस. ती चालायला लागली की तो तांबडा पट्टा गुडघ्यापाशी हलायचा, वळली की मागे जायचा, पुन्हा पुढे यायचा. तू आपल्या थप्पीवर हात टेकून उभी राहिलीस आणि ओरडलीस, "बापू, ते चालून राहिलंय!" इतक्या मोठ्यानं, की बैल बिथरले. मी म्हणालो, लुगडं नव्हं, राधाबाई चालून राहिली. पण तोवर तू तिच्या मागे मागे निघाली होतीस, आपणच विणलेलं कापड पाहत.

तिथून पुढे तू ऐकलं नाहीस. घरात दोन माग झाले. माझ्यावर धोतरं आणि कडेच्या काठाची लुगडी, तुझ्यावर तुझा तो उपद्व्याप. काठ मधोमध घालून तू थांबली असतीस तर एकवेळ मी गप्प बसलो असतो. पण तू पदरालाही हात घातलास. पदर म्हणजे आपल्याकडे ठरलेला, इतके पट्टे, इतकं अंतर, आबांनी घालून दिलेलं. तू त्यात दिवस विणायला लागलीस. बाजारात मिरच्यांचे ढीग आले की तुझ्या पदराला मिरच्यांचा रंग चढायचा, आणि शेवटी शेवटी हिरव्याचे दोन धागे, देठांचे. पोळ्याच्या दिवशी बैल धुवून नेल्यावर तळ्याचं पाणी गढूळ झालं होतं, तसला एक पदर तू विणलास. मी म्हणालो, गढूळ पाणी अंगावर कोण घेईल? देशमुखांच्या सुनेनं घेतला. म्हणाली, माहेरचं तळं असंच होतं.

आणि एकदा विणलेलं पुन्हा विणायचं नाही, हा तुझा हट्ट. बाई दारात येऊन म्हणायची, "कोंडाबाई, जावेला दिलंत तसंच मला पायजे." तू म्हणायचीस, "त्यो दिवस गेला की वो. आजचा घ्या."

यावरून आपली जी भांडणं झाली ती साऱ्या आळीला पाठ आहेत. मी म्हणायचो, एकासारखं दुसरं निघणं हीच कोष्ट्याची अब्रू. गिऱ्हाइकानं दोन धोतरं एकमेकांवर ठेवावीत आणि सुताचा फरक पडू नये, त्याला हात बसलेला म्हणतात. तू म्हणायचीस, "लेकरं तरी एकासारखी दुसरी निघतात काय? मग माय अडाणी म्हणायची?" मी म्हणायचो, काठ म्हणजे कुंपण. शेताच्या मधोमध कुंपण घालणाऱ्याला लोक येडा म्हणतात. तू कांडी भरता भरता म्हणालीस, "कुंपण न्हवं रे ते. पायवाट हाय. पायवाट मधनंच जाती."

मी तेव्हा म्हणालो, रीत ती रीत. अक्का, याला काही उत्तर नसतं, म्हणून तर मी ते म्हणायचो.

जर्मनच्या लढाईच्या दिवसांत सूत मिळेनासं झालं. आळीतले माग अर्धेअधिक बंद पडले. मी डोक्याला हात लावून बसलो होतो आणि तू टोपली घेऊन घरोघर फिरत होतीस. प्रत्येकाच्या मागावर कापड कापल्यावर दशा उरतात, वीत-वीतभर टोकं, कुणी वातीला वापरतं, कुणी फेकून देतं. तू ती गोळा केलीस. एकाला एक पिळून त्यांच्या कांड्या भरल्यास. निळ्यातून पिवळा, पिवळ्यातून कुणाच्या तरी लग्नातला किरमिजी. त्या वर्षीच्या तुझ्या पदरांत आख्खी आळी होती. बाया पदर हातात धरून भांडायच्या, हे टोक आमच्या घरचं, ते तुमच्या घरचं. भुकेच्या दिवसांत आपल्या ओट्यावर एवढं हसू कुठून यायचं, हे मला अजून कळलेलं नाही. तू होतीस म्हणून आम्ही ते दिवस काढले. हे मी तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग दुसरी भाकर वाढ.

गिरदावर साहेब आले होते ते आठवतं? घोड्यावरून उतरले ते आबांच्या वेळेपासून नेत आले त्या पटक्याच्या कापडासाठी, आणि नजर गेली तुझ्या मागावर. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, ये कपडा नईं, तसवीर है. मैं इसकू दीवार पो लगातूं." माझी छाती फुगली. निजाम सरकारचा अंमलदार, त्याच्या बंगल्यात आपल्या घरचं कापड! मी गुंडाळायला पुढे झालो तर तू हात आडवा घातलास.

"साहेब, भिंत चालती व्हय?"

"क्या बोले?"

"ह्ये नेसून चालायचं कापड हाय. भिंतीवर टांगलं तर मरून जाईल ते. तुमच्या बेगमसाहेबाला ओढनी करून देते, ती घ्या. त्या अंगणात फिरल्या तरी बास."

मला वाटलं, आता घोड्याचा चाबूक निघतो. साहेब हसले. ओढणी घेऊनच गेले. मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नाही आणि तुझ्या ते लक्षातही आलं नाही, कारण तू त्या ओढणीचा काठ कुठे घालायचा यात गुंतली होतीस.

आता शेवंताचं. आपल्या भांडणांतलं हे एकच अर्धवट राहिलं.

नरसीच्या कोष्ट्याच्या घरी तिचं जमलं तेव्हा सगळ्यांत जास्त तू नाचलीस. पोरगी माझी असली तरी वाढली तुझ्या मागाच्या खड्ड्यापाशी. त्याच संध्याकाळी तू जाहीर केलंस, "बोहल्यावर माजी शेवंता माज्या हातचं लुगडं नेसंल." मी नको म्हणालो. तुझं लुगडं बाजाराला चालतं, शेतात चालतं, सणाला चालतं. पण आजवर एकही नवरी ते नेसून उभी राहिली नव्हती. मुलीच्या बापांनी कधी मागितलं नाही, आयांनी सुचवलं नाही. मंगलकार्याला काठ कडेलाच लागतो. आणि हे तर कोष्ट्याचं घर! शेतकऱ्याच्या घरात असलं लुगडं गेलं तर बाया म्हणतील, नवी तऱ्हा आहे. कोष्टीण मात्र लांबूनच ओळखणार, जुड्या बदलल्या. पोरीला पहिल्याच दिवशी ऐकावं लागलं असतं, की हिच्या माहेरी सांधणीसुद्धा येत नाही. हे तिला जन्मभर पुरलं असतं. सासरी काय काय पुरतं हे तुला मी सांगायला नको होतं, आणि तेच मी तुला सांगितलं.

तू चिडली नाहीस. "बापू," म्हणालीस, "मला सासरी पाठवताना आबांनी लई चांगलं लुगडं दिलं व्हतं. दोन्ही काठ कडेला, बराबर. त्यानं काय झालं? काठ बघून कुणी मला नांदवलं न्हाई."

"म्हणून हिला मुद्दाम चुकीचं द्यायचं?"

"चुकीचं न्हाई. माजं."

पावसाळाभर बाजार बंद होते. रझाकारांच्या भीतीनं रस्त्यावर गाडी निघत नव्हती, लग्नाची बोलणी अडकून पडली होती. तू दार लावून घेतलंस आणि हिरव्या अंगाचं, तांबड्या काठाचं लुगडं मागावर लावलंस. जुड्या या वेळी हसता हसता बदलल्या नव्हत्या. मी रोज येता जाता म्हणायचो, इण, इण, ट्रंकेत ठेवायला होईल. तू एक जोरात आणि एक हळू फणी ठोकायचीस. मग निजामाचं राज्य गेलं, रस्ते मोकळे झाले, नरसीहून सांगावा आला की मुहूर्त काढू. त्या आठवड्यात तुझा पदर पुरा झाला. त्यात तू कोणता दिवस विणलास ते मी विचारलं, तर म्हणालीस, "अजून यायचाय त्यो."

कापड मागावरून उतरवायचं तेवढं राहिलं आणि तुला ताप भरला. तापातही तू भांडलीस. औषध कडू म्हणून वैद्याशी, उशी उंच म्हणून रुकमाशी. माझ्याशी मात्र त्या लुगड्यावरून एक शब्द काढला नाहीस. मी वाट पाहत होतो. तू विषय काढशील, मी नाही म्हणेन, तू काहीतरी बोलशील आणि मी निरुत्तर होऊन बाहेर जाईन, असं आपलं ठरलेलंच असायचं. तू न बोलता गेलीस. असं कुणी भांडण सोडून जातं का?

तुला नेलं त्या दिवशी वेशीपर्यंत बाया आल्या होत्या. राधाबाई पुढे होती. त्या घोळक्यात तुझी लुगडी किती होती मी मोजलं नाही, पण सगळा घोळका निघाला तेव्हा गुडघ्यापाशी जे तांबडं, पिवळं, निळं हलायला लागलं, ते पाहून मला भर रस्त्यात हसू आलं. लोकांना वाटलं, दुःखानं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. तुला सांगायचं राहिलेलं ते हेच, की बाजारात तुझं लुगडं दिसलं की मी पदर ओळखायचो. हा मिरच्यांचा, हा पोळ्याचा, हा टोकं गोळा केली त्या वर्षीचा. एवढ्या वर्षांत एकही चुकला नाही. तुझ्यासमोर मात्र मी तिकडे पाहत नसे. आणि काठ कडेलाच हवा हे माझं मत आजही तसंच आहे, उगाच गैरसमज नको.

परवा नरसीहून विहीणबाई आल्या, तुझ्या दुखवट्याला. बाई भारदस्त, बोलायला मोजकी, कोष्ट्याची लेक आणि कोष्ट्याची सून. त्या येणार म्हणून शेवंताच्या आईनं सकाळीच तुझ्या मागावर घोंगडी टाकली होती. मी पाहिलं आणि तंबाखू मळायला लागलो. शेवंतानं पाहिलं आणि ती आत निघून गेली.

विहीणबाई बसल्या, तुझ्याबद्दल चांगलं बोलल्या, डोळे पुसले. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. "मागावर घोंगडं काहून?" असं म्हणून त्या उठल्याच. मी उठेपर्यंत घोंगडी त्यांच्या हातात होती.

त्यांनी आधी कापड पाहिलं नाही. ताणा पाहिला. कोष्टीण ताणाच पाहते. मग वाकल्या, खालून हात घालून कापडाची उलटी बाजू चाचपली, कडेवरून बोट फिरवलं, तिथे काठ नव्हता. बोट सरकत सरकत मधोमध आलं आणि तांबड्यावर थांबलं.

"जुड्या बदलल्या वाटतं," त्या म्हणाल्या. "सांधणी चुकली व्हय, इवाई?"

त्यांचा आवाज मऊ होता. खोड काढायला म्हणून त्या बोलत नव्हत्या. मला बाहेर पडायला दार उघडून देत होत्या. आजारी बाई, नजर गेली असेल, हात चुकला असेल. मी नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. सगळ्यांनी सुस्कारा टाकला असता, लुगडं ट्रंकेत गेलं असतं, मी नवा ताणा लावून शेवंताला दोन्ही कडांना सरळ काठाचं लुगडं विणून दिलं असतं. शेवंताची आई माझ्याकडे डोळे लावून उभी होती. शेवंता आतल्या दाराची चौकट धरून उभी होती. तिचे डोळे कापडावर होते, आणि अक्का, ते तुझ्यासारखेच दिसत होते, मान थोडी वाकडी करून. 'व्हय' माझ्या जिभेवर तयार होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "चुकली न्हाई. आमच्या घरची रीत हाय ती."

शेवंताच्या आईनं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"रीत?" विहीणबाई म्हणाल्या.

"व्हय. आमच्या घरची लेक सासरी निघाली की तिच्या लुगड्याचा काठ मधनं जातो. कडेचा आमी देत न्हाई."

विहीणबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या कापडाकडे. तुझ्या पदराखाली त्यांनी तळहात धरला, वाकून उजेडात पाहिला. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण राधाबाईनं भर बाजारात तुझं पहिलं लुगडं अंगाला लावलं होतं तेव्हा तिच्या तोंडावर तसलंच काहीतरी होतं.

"रीत असंल तर मग बोहल्यावर ह्येच नेसवा," त्या म्हणाल्या. "रीत मोडू न्हाई. पन आमी बी कोष्टीच, आन आमच्या कानावर कशी आली न्हाई? कवापासनं हाय म्हणायची ही?"

"आमच्या अक्कापासनं," मी म्हणालो.